मी अर्ध्यावर तोडलेलं वाक्य

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या आणि मागच्या रांगेतली एक मुलगी प्रश्न विचारायला उभी राहिली.

"मॅडम, मी रोह्याची आहे. तुम्ही फोटोत दाखवलीत त्या भाजीवाल्यांच्या शेडवरून मी रोज कॉलेजला जायचे. ती चालू कधी होती?"

सभागृहात दोघं-तिघं हसले. मीही हसले, कारण व्यासपीठावर बसलेल्या माणसाला अशा वेळी हसावंच लागतं. मग म्हणाले, "सुरुवातीला चांगली चालली. पुढे देखभालीचे प्रश्न येतात, आणि तो आपल्याकडे सगळ्याच योजनांचा..."

"नाही मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "माझी आत्या धाटावला कंपनीत जाते. ती म्हणते, तिथे पहिल्यापासून मांडवाचं सामानच असतं. भाजीवाल्या कधी दिसल्याच नाहीत."

अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मुलगी खाली बसली होती, पण तिचे डोळे माझ्यावरच होते. त्यात राग नव्हता. तिला उत्तर हवं होतं, आणि मी तिला थाप मारली होती. उद्घाटनानंतर त्या शेडकडे मी एकदाही फिरकले नव्हते. ती चांगली चालली की वाईट, मला काहीच ठाऊक नव्हतं.

माझा विषय सांगायला साधा आहे. छोट्या वस्त्या, गावं, बायकांचे गट आपलं पोट कशावर भरतात, आणि सरकारने त्यांना कशी मदत करावी की ती खरोखर उपयोगी पडेल. यावर मी तीस वर्षं शिकवते आहे, लिहिते आहे. मी मूळची पेणची. माझी आई घरी पोह्याचे पापड लाटायची. व्यापाऱ्याकडून पीठ यायचं आणि आमच्या आळीतल्या पाच-सहा बायका आमच्या ओसरीवर पोळपाट घेऊन बसायच्या. "मी पापड लाटणाऱ्या आईची मुलगी आहे," या वाक्याने मी किती व्याख्यानं सुरू केली असतील त्याला गणती नाही. लोकांना ते आवडतं. पण शाळेत असताना एक मैत्रीण अचानक घरी आली, तेव्हा मी तिला ओसरीवरून न नेता मागच्या दाराने आत घेतलं होतं, हे मी व्याख्यानात कधी सांगितलं नाही. आईने ते पाहिलं होतं. ती पीठ मळत राहिली.

आता त्या शेडबद्दल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका समितीवर माझी नेमणूक झाली. रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्या बायकांसाठी काय करता येईल, यावर अहवाल द्यायचा होता. माझी पहिलीच समिती. तोवर मी नुसती लेख लिहिणारी बाई होते. आता मी लिहिलेल्यावरून कुठेतरी वीट रचली जाणार होती. मी रोहा निवडलं, कारण पेणहून नागोठणं, भिसे खिंड करत एसटीने जाता येतं आणि पेणला आईकडे राहता येतं.

रोह्याहून धाटावकडे जाताना एक नाका लागतो. कंपन्यांच्या बसेस तिथे थांबतात. दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटली की बसेस आणि मोटरसायकलींची एकच गर्दी होते, अर्ध्या तासात ओसरते. त्या अर्ध्या तासासाठी आजूबाजूच्या वाड्यांमधल्या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून बसायच्या. पावसाच्या तोंडावर रानातली शेवळं, पावसात करटोली, भारंगी, टाकळा, थंडीत वालाच्या शेंगा. मी तिथे तीन आठवडे गेले.

त्यांच्यात एक मावशी होती. खांब गावाच्या बाजूच्या आदिवासी वाडीतून मिनीडोर रिक्षाने यायची. पन्नाशीची असेल, बारीक, काळीसावळी, बोलायला फटकळ. बाकीच्या बायका माझ्या वहीकडे बघून गप्प व्हायच्या, ही मात्र स्वतःहून बोलायची. गिऱ्हाईक कसं ओळखायचं, कुठल्या कंपनीची माणसं घासाघीस करतात, कुठली करत नाहीत, भाजी मोटरसायकलच्या हँडलला अडकवता यावी म्हणून जुडी कशी बांधायची, हे सगळं तिने मला शिकवलं. मला एमएला इतकं चांगलं कोणी शिकवलं नव्हतं.

एके दिवशी मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला इथे पक्की शेड बांधून दिली तर?"

तिने शेंगांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "डोक्यावर पत्रा दिलास तर बरंच हाय गो बाय. उन्हापावसात लय हाल व्हतात. पन हितंच दे. मागं नको न्यूस. थकलेला मानूस पायरी चढत नाय."

मी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. ती वही आजही माझ्याकडे आहे, ती रेघही आहे. म्हणजे मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

त्याच दिवशी मी तिचा फोटो काढला. ती म्हणाली, "थांब, पदर नीट घेते." पण तीनची बस येत होती, उजेड सुरेख पडला होता, समोर हिरव्या शेंगांचा ढीग. मी बटण दाबलं.

समितीची बैठक अलिबागला झाली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, सभ्य, अभ्यासू. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. नाक्यापासून आत, एका मोकळ्या प्लॉटवर शेड व्हायची होती. पावसाळ्यात त्या बाजूला पाणी येतं, म्हणून जोतं उंच ठेवलं होतं. रस्त्याच्या कडेला कठडा, पेव्हर ब्लॉक, थोडी झाडं. मी म्हणाले, "बायकांना रस्त्यालगत हवंय. गिऱ्हाईक गाडीवरून उतरत नाही."

ते हसून म्हणाले, "मॅडम, रस्त्यावर बसणं हे काही आपण मॉडेल म्हणून मांडू शकत नाही. अपघात झाला तर जबाबदार कोण? शेडमध्ये नळ आहे, स्वच्छतागृह आहे. तुम्ही स्वतः स्त्री आहात, तुम्हाला हे मी काय सांगावं?"

यात खोटं काही नव्हतं. बायकांना लघवीला जायला जागा नव्हती, दुपारभर त्या पाणी पीत नसत, हे मीच लिहिलं होतं. मला तेवढं पुरलं. मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. त्या वर्षी माझी बढती अडकलेली होती आणि अध्यक्षांचा शब्द विद्यापीठातही वजनदार होता, हेही खरं. पण मला भीतीपेक्षा हाव जास्त होती. त्या टेबलाभोवतीची माणसं मला आपल्यातली समजू लागली होती. मला तिथे बसून राहायचं होतं.

अहवालातलं ते प्रकरण मी लिहिलं. त्यात चौकटीत, तिरप्या अक्षरांत, एका विक्रेत्या बाईचे उद्गार म्हणून छापलं : "डोक्यावर पत्रा दिलात तर बरंच आहे. उन्हापावसात खूप हाल होतात." तिथे पूर्णविराम दिला. तिची बोली सुधारली आणि तिचा 'पण' गाळला.

अहवाल गाजला. शेड झाली. उद्घाटनाला मी गेले, फीत कापली गेली, बायकांना रांगेत उभं करून गुलाबाची फुलं दिली. मावशी त्या रांगेत होती का, मला आठवत नाही. मी पाहिलंच नाही. पुढे त्यावर माझा लेख आला, मग पुस्तकात प्रकरण आलं, बढती आली, आणखी समित्या आल्या. तिच्या फोटोने मी व्याख्यानाचा शेवट करायचे. फोटोनंतर सभागृह दोन क्षण शांत व्हायचं. मला ती शांतता सवयीची झाली होती, आवडायचीही.

त्या मुलीने प्रश्न विचारल्यावर मी लगेच रोह्याला गेले असेन, असं कोणालाही वाटेल. मी पाच महिने गेले नाही. कधी परीक्षा, कधी पाऊस, कधी पाठदुखी. दोनदा पेणपर्यंत जाऊन आईच्या हातचं जेवून परतले. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, पण तिचा डोळा चुकवता येत नाही. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "रोह्याला जायचं म्हणून येतेस आणि जात नाहीस. काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं, वाक्यासकट.

"तुला माहीत होतं, गिऱ्हाईक वर चढून येणार नाही म्हणून?"

"होतं."

"मग?"

मग तीच म्हणाली, "आमच्याकडे पण यायच्या बाया, वही घेऊन. आम्ही त्यांना बरं वाटेल तेच सांगायचो. कुठं डोकं लावा! तुझ्या त्या बाईने खरं सांगितलं, ती तिची चूक."

आई हे चिडून बोलली नाही. एवढं सांगून ती कुकरची शिटी मोजायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने निघाले.

नाक्यावर उतरले तेव्हा हवेत रसायनांच्या कंपन्यांचा तो ओळखीचा आंबूस, औषधी वास होता. शेड जागेवर होती. दाराला साखळी, आत बांबू, लोखंडी पाइप, रंगीत कापडाचे गठ्ठे. पायऱ्या सहा होत्या. मी त्या चढले, दारातून डोकावले आणि उतरले. रस्त्याच्या कडेला कठडा होता आणि इथे बसायला मनाई असल्याची पाटी होती. पाटीजवळच्या टपरीवाल्याला मी भाजीवाल्यांबद्दल विचारलं.

"त्या व्हय? त्या तिकडं वळणावर बसतात. हितं बसून देत नायत ना."

वळणावर चार-पाच बायका होत्या. तिथून जड वाहनं वळतात, बाजूला गटार आहे, सावली अजिबात नाही. मावशी त्यांच्यात नव्हती. एकीला मी वर्णन केलं, तर ती म्हणाली, "ती? ती नाय बसत आता. तिच्या पायावरून टेम्पो गेला ना. मागं घेताना. हितंच."

मिनीडोर करून मी वाडीवर गेले. मावशी घराच्या पडवीत बसून वाल निवडत होती. केस पांढरे झाले होते. डावा पाय सरळ पसरलेला, घोट्याजवळ वाकडा. मी समोर उभी राहिले आणि वाट पाहिली, ती मला ओळखेल म्हणून. इतकी वर्षं मी तिचा चेहरा गावोगाव दाखवत होते. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन गो तू? आरोग्यवाली?"

मी सांगितलं. वही घेऊन यायचे, फोटो काढला होता, शेड झाली. तिला बराच वेळ आठवेना. मग म्हणाली, "व्हय व्हय, येयाच्या एक बाई. त्या तू?"

तिची सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मी खाली बसले. तांब्यातलं पाणी प्यायले. शेवटी म्हणाले, "मावशी, तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं, शेड मागे नको म्हणून. मी ते लिहून घेतलं, पण पुढे सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं."

"कोनाला?"

"ज्यांनी शेड बांधली त्यांना."

"सांगितलं असतंस तर आयकलं असतं त्यांनी?"

"कदाचित नसतं."

"मग कशाला रडतेस?" ती म्हणाली. मी रडते आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं.

सून मात्र दारातून म्हणाली, "सांगायला तर पायजे होतं. आयकलं नसतं तर त्यांच्यावर गेलं असतं."

मावशीने तिला गप्प केलं नाही. वाल निवडत राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "तो फोटू हाय अजून?"

माझ्या लॅपटॉपमध्ये होता. मी दाखवला. तिने जवळ घेऊन पाहिला, मग सुनेला दाखवला. "बघ, लुगडं फाटलंय खांद्यावर. मी बोललेली हिला, थांब म्हणून." आणि माझ्याकडे वळून, "हे लोकांना दाखवतेस?"

मी हो म्हणाले. तो फाटका खांदा मला माहीत होता. त्या फोटोत तो होता म्हणूनच तो फोटो मी निवडला होता. इतर फोटोही होते, त्यात ती नीट पदर घेऊन हसत होती.

"नको दाखवूस," ती म्हणाली. बस, एवढंच. मी तिच्यासमोर तो काढून टाकला. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. तिने मला वालाची पिशवी बांधून दिली, मी नको म्हणत असताना. ती घेऊन मिनीडोरमध्ये बसले तेव्हा ती पिशवी मांडीवर धरवेना.

त्यानंतर जे करता येण्यासारखं होतं, ते केलं. लेख ज्या नियतकालिकात आला होता त्यांना पत्र लिहून पूर्ण वाक्य कळवलं. त्यांनी सहा महिन्यांनी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, एक दुरुस्ती छापली. समिती तर केव्हाच बरखास्त झाली होती. अध्यक्ष साहेब वारले होते, त्यामुळे त्यांच्यावर काही ढकलणं सोपं होतं. मी एक-दोनदा ढकललंही, बोलण्याच्या ओघात. मग संबंधित कार्यालयात अर्ज केले. तीन ठिकाणी फिरल्यावर एक तरुण अधिकारी भेटली. तिने माझा जुना अहवाल प्रशिक्षणात वाचला होता. "मॅडम, तुमचाच अहवाल आहे ना? मग तुम्हीच आता उलटं का म्हणता?" तिने प्रामाणिकपणे विचारलं. मी वही काढून रेघ मारलेलं पान तिच्यासमोर ठेवलं. तिने ते वाचलं, आणि माझ्याकडे जरा वेळ नुसतंच पाहिलं. तशा नजरेने विद्यार्थ्यांकडे बघायची सवय मला होती, ती स्वतःवर घ्यायची नव्हती.

तिने बैठक लावली. मावशी आली नाही, पाय दुखत होता. तिची सून आली, आणि वळणावरच्या दोघी. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी त्यांना बोलू द्या म्हणाले. सून उभी राहिली, हात टेबलावर टेकवून. ती धाटावला एका कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईचं काम करते, पगाराच्या तक्रारी घेऊन साहेबांपुढे जाते, त्यामुळे बैठका तिला नवीन नाहीत. "आम्हाला शेड नको," ती म्हणाली. "कठडा थोडा काढा आणि दुपारचं दोन तास बसून द्या. बाकी आमचं आम्ही बघू." तिचं बोलणं मिनिटभरात संपलं. मी त्याच गोष्टीवर चाळीस पानं लिहिली होती.

वर्ष लागलं. कठड्याचा एक भाग निघाला, पाटीवर वेळ लिहिली गेली, चार पाइपांवर पत्रा आला. शेडमध्ये मांडवाचं सामान अजून आहेच. तिथलं स्वच्छतागृह मात्र बायकांसाठी उघडलं, आणि त्याची चावी टपरीवाल्याकडे असते. मावशी आता बसत नाही. तिचा पाय सुधारणार नाही. गेल्या थंडीत मी गेले तेव्हा ती मला पुन्हा आरोग्यवाली समजली, आणि मी तसंच राहू दिलं. तिच्या पायावरची गोळी कुठली, ती कधी घ्यायची, एवढं बोललो.

माझं यात काही गेलं नाही, हे सांगायला हवं. पद तेच आहे, खोली तीच आहे. विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "इतकं मनाला लावून घेऊ नका, क्षेत्रकामात असं होतंच." या वर्षी नव्या वर्गात पहिल्याच तासाला मी ही हकिकत सांगितली. फोटो न दाखवता, नाक्याचं नाव न घेता. मुलं स्तब्ध झाली. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी पुढे आली आणि भारावून म्हणाली, "मॅडम, आपली चूक अशी उघड सांगायला किती मोठं मन लागतं."

मला ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर छान वाटलं. आणि जिना उतरताना लक्षात आलं की सभागृहातली तीच दोन क्षणांची शांतता मी पुन्हा मिळवली होती, फक्त या वेळी माझ्या लाजेच्या बदल्यात. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पुढचा धडा काढला. त्या विद्यार्थिनीला रोह्याच्या बाजूला क्षेत्रकाम करायचं होतं, पण तिने मागितला तरी मी तिला सुनेचा फोन नंबर लगेच दिला नाही. आधी सुनेला फोन करून विचारलं, देऊ का म्हणून.

"काय विचारनार ती?" सुनेने विचारलं.

"माहीत नाही."

"मग आधी ते विचारून घ्या," ती म्हणाली, आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.